चेहरा जुळला, पण आजोबा आले नाहीत: व्यक्तिचित्रातील रंग आणि ब्रशचे फटकारे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या एका जुन्या कृष्णधवल फोटोवरून तैलरंगात व्यक्तिचित्र रंगवले आहे. नाक, डोळे, कपाळावरच्या आठ्या सगळे जुळले आहे, घरची मंडळी 'हुबेहूब' म्हणतात, तरीही चित्रात आजोबा आल्यासारखे वाटत नाही. शेवटच्या काही वर्षांत ते फार शांत आणि जरा खिन्न असत. तो भाव येण्यासाठी चेहऱ्यात निळा रंग वाढवावा का, आणि ब्रशचे फटकारे दिसू द्यावेत की घोटून गुळगुळीत करावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली तीसेक वर्षे व्यक्तिचित्रे रंगवत आणि शिकवत आले आहे. या काळात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा कानी आला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

निळा वाढवू नका, हे आधी सांगते. अमुक भावनेला अमुक रंग, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला मोठा आधारही आहे. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिलेला आहे: शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, अद्भुत पिवळा. निळा तिथे बीभत्साच्या वाट्याला आला आहे. करुण रसाला जो वर्ण दिला आहे तो मात्र चित्रकाराने थांबून विचार करावा असा आहे, कारण तो आहे कपोतवर्ण, म्हणजे पारव्याचा रंग. हा विचार रंगभूमीसाठी केलेला आहे, कॅनव्हाससाठी नव्हे, हे मान्य. पण गच्चीवर बसलेला पारवा जवळून पाहा. त्याचा राखाडी एकच नसतो. पाठीवर तो निळसर असतो, पोटाशी कोमट होतो, आणि मानेवर ऊन पडले की त्यातच हिरवी आणि जांभळी झाक उमटते. व्यक्तिचित्रातील खिन्नता मला नेहमी अशाच राखाड्यांत सापडत आली आहे. हा राखाडी शेजारच्या रंगाकडे पाहून स्वतःचा स्वभाव बदलतो.

ही गोष्ट वाचून पटणार नाही, हाताने करून पाहावी लागेल. अल्ट्रामरिन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यांचा एक मध्यम राखाडी तयार करा आणि त्याचे दोन सारखे ठिपके द्या. एका ठिपक्याभोवती येलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा तांबडा मिसळून केलेला कातडीचा रंग लावा, दुसऱ्याभोवती फिका निळा लावा. पहिला ठिपका निळसर, थंड आणि मागे सरकलेला दिसेल. दुसरा तपकिरी आणि ऊबदार वाटेल. रंग दोन्हीकडे तोच आहे. तेव्हा 'दुःखाचा रंग कोणता' या प्रश्नाला एकट्या रंगाच्या पातळीवर उत्तरच नाही. गालावरची ऊब जिथे संपते, तिथे तुम्ही किती थंड आणि किती हळू उतरता, यावर तो चेहरा दमलेला, निवांत की रागावलेला दिसेल हे ठरते. चेहऱ्यात सरसकट निळा मिसळला तर ही ऊब आणि गारवा यांची ये-जा बंद होते. चेहरा खिन्न न होता आजारी दिसू लागतो.

आपल्या लोकांची कातडी रंगवताना हे अधिकच जाणवते. बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरीत, पांढरा मिसळला की 'स्किन कलर' झाला, असे विद्यार्थी धरून चालतात, आणि मग चेहरा खडूने रंगवल्यासारखा दिसतो. याचे कारण असे की पांढरा रंग उजळवता उजळवता थंडही करतो. सावळ्या कातडीवर सर्वांत उजळ भाग, म्हणजे कपाळाचा आणि नाकाच्या शेंड्याचा चमकणारा भाग, हा बहुधा आकाशाचा निळसर प्रकाश परतवत असतो. कातडीचा खरा भरदार रंग त्याच्या अलीकडे, उजेड आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यात असतो. शिवाय चेहरा वरून खाली एकसारखा नसतो. कपाळ पिवळटाकडे झुकते, कारण तिथे हाड कातडीच्या लगेच खाली असते. गाल, नाक आणि कान यांत रक्त खेळते म्हणून तो भाग तांबूस असतो, आणि पुरुषांच्या हनुवटीभोवती दाढीमुळे राखाडी-हिरवट झाक असते. वय वाढते तसा हा मधला तांबूसपणा ओसरतो, पण सगळीकडे सारखा ओसरत नाही. कानाच्या पाळीत, नाकपुडीच्या कडेला आणि खालच्या पापणीच्या काठावर तो टिकून राहतो. वृद्ध माणसाच्या चेहऱ्यात मन हलवणारे काही असेल तर ते बरेचदा याच तीन जागी असते, आणि हौशी चित्रकार नेमक्या याच जागा तपकिरी रंगाने भरून टाकतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या आत्याचे चित्र करताना ते मला कळले. साताऱ्याच्या घरात उत्तरेच्या खिडकीशी ती बसली होती, अंगावर विटक्या हिरव्या रंगाचे नऊवारी होते. कानांत काही नव्हते. कुड्या तिने पुष्कळ वर्षांपूर्वी काढून ठेवल्या होत्या, आणि पाळीची भोके तेवढी लांबट होऊन राहिली होती. पहिल्या बैठकीत मी चेहरा नीट जुळवला. सुरकुत्या एकेक करून काढल्या, जबड्याखालची सावली बर्न्ट अंबरने गडद केली, आणि काम संपले तेव्हा समोर लाकडात कोरलेली एक म्हातारी उभी होती. दुसऱ्या दिवशी मी ती सावली पॅलेट नाइफने खरवडून काढली आणि रंग न लावता नुसती बघत बसले. तेव्हा कुठे दिसले की हनुवटीच्या खाली तपकिरी असे काही नव्हतेच. पदराचा हिरवा तिथे वर उजळून आला होता आणि कातडीत मिसळून एक थंड, शेवाळी राखाडी झाला होता. तो लावला मात्र, आणि गालाला हात न लावता गाल ऊबदार झाला. खिडकीच्या बाजूच्या कानातून उजेड आरपार येत होता, म्हणून पाळीवर पातळ तांबड्याचा एकच फटकारा दिला आणि भोकाची जागा तशीच सोडली. डोळे आणि ओठ आदल्या दिवशीचेच होते. संध्याकाळी आतेबहीण चित्रासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई दमलेली दिसते गं." ओठांचे कोपरे खाली ओढून मी ते दमणे आणले असते तर ते नाटकी झाले असते.

इथे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या १९४५–४६ सालच्या 'ग्लो ऑफ होप'चा उल्लेख करायलाच हवा. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे हे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात आणि तैलरंगातले समजतात, पण दोन्ही चूक आहे. ते कागदावरचे जलरंग आहे, आणि त्यासाठी हळदणकरांची कन्या मॉडेल म्हणून उभी होती. चित्रातली स्त्री ना हसते ना रडते. सगळा भाव दिव्याच्या उजेडात आहे. ज्योतीवर धरलेल्या तळव्याआडून तांबूस-पिवळा उजेड फाकतो, तो खालून चेहऱ्यावर चढतो, आणि बाकीचे चित्र त्या उजेडाच्या मानाने शांत आणि मंद ठेवले आहे. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. म्हणजे सर्वांत उजळ जागी रंग न लावण्याचा निर्णय पहिल्या वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थराच्या, आधीच घ्यावा लागतो आणि नंतर माघार घेता येत नाही. त्या चेहऱ्यातली कोवळीक मला या संयमातून आलेली वाटते. तैलरंगात चूक खरवडता येते, त्यामुळे आपण जास्त बोलतो.

आता रंगाची दुसरी बाजू, जी पहिलीपेक्षाही मूलभूत आहे: उजळ-गडदपणा, ज्याला आपण वर्गात सरळ टोन म्हणतो. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने १९०५ साली आपल्या पत्नीचे एक छोटे व्यक्तिचित्र केले, जे आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि 'हिरवी पट्टी' याच नावाने ओळखले जाते. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत हिरव्या रंगाचा जाड पट्टा उतरतो. एका बाजूचा गाल पिवळसर, दुसऱ्या बाजूचा गुलाबी, आणि मागे हिरवा, जांभळा, शेंदरी असे तुकडे. वर्णन ऐकून हे मुखवट्यासारखे वाटेल, पण समोर चेहरा उभा राहतो, आणि तोही करारी, काहीसा दूर राहणारा. याचे कारण त्या पट्ट्याची जागा. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू जिथे भेटतात, नेमका तिथे तो आहे, आणि त्याचा गडदपणा त्या जागेला शोभेल इतकाच आहे. टोन सांभाळला की रंगाला केवढे स्वातंत्र्य मिळते याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. उलट टोन चुकला तर अगदी अचूक कातडीचा रंगही चेहरा वाचवू शकत नाही. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा. चेहरा तिथे सपाट पडला असेल तर दोष रंगात शोधू नये.

ब्रशविषयी विचारलेला प्रश्न 'फटकारे की गुळगुळीत' असा दोन टोकांचा आहे, आणि मला वाटते अडचण तिथेच आहे. फटकाऱ्याला दिशा असते, वेग असतो, ब्रशवर किती रंग भरला आहे त्याचे वजन असते, आणि कडा असते. या चारांपैकी प्रत्येक गोष्ट पाहणाऱ्याच्या मनावर वेगवेगळे काम करते.

दिशेचे उदाहरण म्हणून व्हॅन गॉगचे सप्टेंबर १८८९ मधले आत्मचित्र घ्यावे, जे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने ते केले. कोट आणि पार्श्वभूमी एकाच फिक्या हिरवट-निळ्या कुळातील आहेत, आणि दोन्हींत ब्रश वळणे घेत, भोवऱ्यासारखा फिरतो. केस आणि दाढी नारंगी आहेत, म्हणजे त्या निळ्याच्या बरोबर विरुद्ध. चेहरा मात्र अगदी स्थिर, ताठ, रोखून पाहणारा आहे. अस्वस्थता चेहऱ्यावर रंगवलेली नाही. ती चेहऱ्याभोवती वाहते आहे आणि चेहरा तिच्यात टिकून राहिला आहे. ही रचना ध्यानात घेतली म्हणजे लक्षात येते की पार्श्वभूमी ही उरलेली जागा भरण्यासाठी नसते. तुमच्या आजोबांच्या मागे तुम्ही स्टुडिओतला काळपट पडदा जसाच्या तसा उतरवला आहे. तिथे ब्रश आडवा, संथ, पातळ फिरवला असता तर त्यांच्या शांतपणातले अर्धे काम पार्श्वभूमीनेच केले असते.

रंगाच्या वजनाबाबत डच चित्रकार रेम्ब्रांकडे जावे लागते, आणि त्याच्याकडे एकदा गेले की लवकर परत येता येत नाही. १६२८ च्या सुमाराचे त्याचे एक आत्मचित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, जेमतेम वीतभर उंचीचे. तेव्हा तो विशी नुकती ओलांडलेला तरुण होता. उजेड मागून, बाजूने येतो आणि गाल, कानाची पाळी आणि मान एवढ्यावरच पडतो. डोळे पूर्ण सावलीत आहेत. डोळ्यांत भाव आणल्याशिवाय व्यक्तिचित्र होत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हे चित्र जरूर पाहावे. मागून उजेड घेणारे कुरळे केस त्याने ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडून काढले आहेत. रंग लावून नव्हे तर काढून टाकून. पुढे चाळीस वर्षांनंतरच्या आत्मचित्रांत कपाळावर आणि नाकावर रंग असा थरावर थर चढतो की तो जवळजवळ कातडीसारखाच खडबडीत होतो, आणि सावल्या मात्र पातळ, पारदर्शक राहतात. उजेड जाड आणि सावली पातळ, हा तैलरंगातील जुना संकेत आहे. त्याच्यामागे साधे कारण आहे: जाड रंगाचे उंचवटे खोलीतला खरा उजेड अडवतात आणि चमकतात, तर पातळ रंगातून नजर आत शिरते. सावलीत पांढरा मिसळून ती जाड केली की ती बंद दारासारखी होते.

आपल्याकडे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांना 'पूर्वेचे रेम्ब्रां' म्हणत. मूळचे गोव्याचे, सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि तिथेच शिकवणारे हे चित्रकार १९३५ साली वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. शक्य असेल तर तिथे जाऊन चित्राच्या जवळ, तिरके उभे राहून पाहा. छापील पुस्तकात किंवा पडद्यावर रंगाचा थर दिसत नाही, आणि थर दिसल्याशिवाय ब्रशचे बोलणे ऐकू येत नाही.

कडांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझ्या अनुभवात निर्जीव व्यक्तिचित्राचे पहिले कारण हेच असते. फोटोवरून काम करताना प्रत्येक कडा सारखीच धारदार उतरते: डोळ्याची, ओठाची, जबड्याची, टोपीची, कोटाच्या कॉलरची. प्रत्यक्ष पाहताना नजर तशी चालत नाही. ती एका जागी ठरते आणि बाकीचे सैल सोडते. ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे हे तर चेहऱ्यातले सर्वांत हलते भाग. तिथे कडक रेघ मारली की भाव गोठतो. लिओनार्दोने मोनालिसाच्या ओठांचे कोपरे सावलीत विरघळवून ठेवले आहेत म्हणून ते हास्य दर वेळी थोडे वेगळे वाटते. तुमच्या आजोबांचा खालचा ओठ तुम्ही गडद रेघेने बंद केला आहे. रंग ओला असेल तर कोरड्या, स्वच्छ ब्रशने त्या कोपऱ्यावरून एकदाच हलके फिरवा. वाळला असेल तर वरून अगदी पातळ राखाडीचा हात द्या. मग एक कडा अशी निवडा की जी मुद्दाम धारदार ठेवायची. टोपीची कपाळावरची कड असेल, चष्मा असेल तर त्याची कड असेल. सगळे मऊ केले तर चेहरा धुक्यात जातो, म्हणून ही एक तरी ठाम जागा लागते.

घोटण्याविषयी एवढेच: पंख्याच्या आकाराचा मऊ ब्रश घेऊन चेहरा शेवटी घोटण्याची सवय असेल तर काही महिने तो ब्रश कपाटात ठेवा. दोन शेजारचे रंग घोटून एक करण्याऐवजी त्यांच्या मधला तिसरा रंग पॅलेटवर तयार करून तो मधे ठेवावा. याला वेळ लागतो, कारण प्रत्येक वेळी तो तिसरा रंग ऊबदार की थंड हे ठरवावे लागते. पण चित्राचा भाव त्या ठरवण्यातूनच येतो, आणि घोटताना आपण तो निर्णय टाळत असतो. याचा अर्थ फटकारे दाखवण्यासाठी म्हणून दाखवावेत असा मुळीच नाही. जोरकस फटकाऱ्यांनी रंगवलेला, पण आत काहीच पाहिलेले नाही असा चेहरा गुळगुळीत चेहऱ्याइतकाच रिकामा असतो.

तुमच्या चित्राची शेवटची अडचण म्हणजे तो कृष्णधवल फोटो. त्यात टोन आहे, पण ऊब आणि गारवा यांची काहीच माहिती नाही, आणि सावल्या काळ्या होऊन बसल्या आहेत. तुम्ही ती माहिती 'स्किन कलर'ने भरून काढली. तसे न करता, वडील किंवा काका यांच्यापैकी ज्यांचा वर्ण आजोबांशी जुळतो त्यांना दिवसाच्या उजेडात खिडकीशी तासभर बसवा, फोटोत उजेड ज्या बाजूने आहे त्याच बाजूने. त्यांच्यासारखा चेहरा काढायचा नाही. लहान बोर्डावर येलो ऑकर, एक तांबडा, काळा आणि पांढरा एवढ्या चारच रंगांत त्यांच्या कानशिलाचा, कानाच्या पाळीचा, खालच्या पापणीच्या काठाचा आणि जबड्याखालच्या सावलीचा रंग वेगवेगळ्या ठिपक्यांत टिपून घ्या. स्वीडिश चित्रकार आंडर्स झॉर्न याच चार रंगांसाठी ओळखला जातो. या पॅलेटमध्ये निळा नसतो. काळ्यात पांढरा मिसळला की तांबूस कातडीशेजारी तोच निळसर दिसतो. ठिपके घेताना वडिलांशी आजोबांविषयी बोलत राहा, गप्प बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग वेगळा असतो. मग तो बोर्ड फोटोशेजारी लावा, चित्रातली जबड्याखालची तपकिरी सावली खरवडून काढा, आणि डोळ्यांना हात न लावता तिथून सुरुवात करा.